'कांहीं'चे 'कांही' कसे झाले : एका हरवलेल्या फॉण्टची हकिगत

मराठीच्या अध्यापकांनी संगणकातील फॉण्टविषयी लिहावे, हे आमच्या वाचकांना कदाचित अस्थानी वाटेल. आम्हांलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत तसेच वाटत असे. फॉण्ट ही छापखान्याची बाब. आपला संबंध संहितेशी, अशी आमची सोयीची विभागणी होती. ती कशी मोडली आणि मोडताना आमच्या हातून एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यावर कसा अन्याय होता होता राहिला, हे सांगण्यासाठी हा लेख.

१. सीडीतील कागद

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीला मिळणारे साहाय्य संपले, तेव्हा आमच्या विभागातील जुने संगणक टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसवण्यात आले. पैसे नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. तत्त्वाचा भाग नंतर आला. पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्या विभागातून निवृत्त झालेले सर वारले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, एके दिवशी कापडी पिशवीत सात सीड्या घेऊन विभागात आल्या. "ह्यांचं सगळं टिपण ह्यात आहे म्हणत होते. तुम्हांला वाचता आलं तर बघा," एवढेच त्या म्हणाल्या.

सरांनी १९९८ ते २००३ या काळात 'विविधज्ञानविस्तार' आणि त्याच्या आसपासच्या नियतकालिकांतील उतारे स्वतः टंकलिखित करून ठेवले होते. ते दुपारी ग्रंथालयात बसून वहीत उतरवून घेत आणि रात्री संगणकावर चढवीत. एकोणिसाव्या शतकातील गद्याची लेखनपद्धती हा त्यांचा विषय होता. ग्रंथ मात्र पुरा झाला नाही.

आम्ही पहिली फाईल उघडली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी 'जी', त्याला चिकटून डॉलरचे चिन्ह, मग महिरपी कंस, मध्येच दोन टिंबांचा जर्मन 'यू', पुन्हा इंग्रजी अक्षरे. पानेच्या पाने अशी. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "फाईल बिघडली." दुसऱ्याने दोष लिनक्सला दिला. दोघेही चुकत होते. फाईल शाबूत होती आणि लिनक्स तिच्यात जे लिहिले होते तेच प्रामाणिकपणे दाखवत होता. मराठी मजकूर त्या फाईलमध्ये कधी नव्हताच.

२. अक्षरांचा वेषान्तराचा काळ

हे विधान विचित्र वाटेल, म्हणून थोडे मागे जायला हवे. देवनागरी ही यंत्राला नेहमीच जड गेलेली लिपी आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हापासून जुळाऱ्यापुढे प्रश्न एकच होता : काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांसाठी खिळे किती पाडायचे? प्रत्येक जोडणीचा स्वतंत्र खिळा पाडावा तर खणांची संख्या आवाक्याबाहेर जाते. तुकडे पाडावेत तर जुळणी किचकट होते. मुंबईकडील 'डिग्री' पद्धतीच्या टाइपांनी दुसरा मार्ग धरला आणि अक्षराच्या वरची-खालची चिन्हे वेगळी पाडली.

संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. भारतात त्याचे एक शहाणपणाचे उत्तर लवकरच सापडले होते. कानपूरच्या आयआयटीत झालेल्या कामातून 'जिस्ट' हे तंत्र आले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या 'इस्की' संकेतप्रणालीचे तत्त्व असे की, फाईलमध्ये अक्षराचे चित्र साठवायचे नाही, अक्षराची ओळख साठवायची. 'क' म्हणजे 'क'; तो अर्धा दिसावा की पूर्ण, हे दाखवणाऱ्या यंत्रणेने ठरवावे. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली होती.

पण छपाईचा बाजार दुसऱ्या वाटेने गेला. पानांची मांडणी करणारी पेजमेकरसारखी सॉफ्टवेअरे फक्त रोमन लिपी जाणत होती. त्यांना देवनागरी शिकवण्यापेक्षा त्यांना फसवणे सोपे होते. एका फॉण्टमध्ये २५६ घरे. त्यांतील पहिली ३२ नियंत्रणासाठी राखीव. उरलेल्या घरांत रोमन अक्षरांची चित्रे काढून त्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे : अर्धा 'क', काना, ऱ्हस्व वेलांटी, रफार. संगणकाला वाटते आपण इंग्रजी 'जी' दाखवत आहोत. वाचकाला दिसते देवनागरीची एखादी उभी दांडी. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे ज्याने-त्याने आपल्या मर्जीने ठरवले, त्यामुळे एका कंपनीच्या फॉण्टमधील मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉण्टमध्ये वाचता येत नसे. मराठीतील वर्तमानपत्रे, मासिके, दिवाळी अंक, कवितासंग्रह, पीएचडीचे प्रबंध यांचा फार मोठा हिस्सा दोन दशके या पद्धतीने जुळवला गेला.

साहित्याच्या अभ्यासकाने यातील एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या फायलींत मजकूर आणि त्याचे दृश्य रूप यांची फारकत नाही. इतकेच नव्हे, तर मजकूर फाईलमध्ये नसून फॉण्टमध्ये आहे. फाईल म्हणजे केवळ 'अमुक घरातला खिळा घ्या' अशी यादी. खिळ्यांची पेटीच हरवली, तर यादी निरर्थक.

३. लिनक्स काय करतो

आता लिनक्सकडे वळू. तेथे फॉण्टचा कारभार 'फॉण्टकॉन्फिग' नावाची यंत्रणा पाहते; कीथ पॅकर्ड यांनी ती २००२ च्या सुमारास पुढे आणली. तिचा स्वभाव समजून घेतला की निम्मे कोडे सुटते. एखाद्या फाईलने 'मला अमुक फॉण्ट हवा' असे म्हटले आणि तो संगणकावर नसला, तर ही यंत्रणा 'नाही' म्हणत नाही. त्यातल्या त्यात जवळचा फॉण्ट ती गुपचूप पुढे करते. सरांच्या फाईलने मागितलेला फॉण्ट आमच्याकडे नव्हता. मजकूर वरकरणी रोमन होता. म्हणून तिने एक सुबक रोमन फॉण्ट दिला. जे वेषान्तर विंडोजवर वर्षानुवर्षे खपले, ते इथे उघडे पडले.

फॉण्ट नसण्याची ही एकच तऱ्हा नाही. अनुभवाने आम्ही चार तऱ्हा ओळखायला शिकलो आणि प्रत्येकीचा इतिहास वेगळा आहे.

पहिली, अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसणे. नवखा माणूस याला सर्वांत जास्त घाबरतो. खरे तर ही सर्वांत आनंदाची गोष्ट. याचा अर्थ मजकूर युनिकोडमध्ये आहे, शाबूत आहे, फक्त तो रंगवायला देवनागरी फॉण्ट नाही. रेड हॅटने २००४ साली भारतीय भाषांसाठी 'लोहित' फॉण्ट मुक्त परवान्याखाली दिले. पुढे गूगलचे 'नोटो' आले. या चौकोनांना इंग्रजीत गमतीने 'टोफू' म्हणतात आणि 'नो टोफू' यावरूनच नोटो हे नाव पडले. यांतील एखादा फॉण्ट बसवला की चौकोन जातात.

दुसरी तऱ्हा, देवनागरी दिसते पण मोडलेली : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेले अक्षर, कुठे ठिपक्यांचे वर्तुळ. येथे फॉण्ट असतो, पण तुकडे जुळवणारा जुळारी कमी पडतो. लिनक्सवर हे काम 'पँगो'ने अंगावर घेतले. ग्रीक 'पान' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. त्याच्याबरोबर आज हे काम करणाऱ्या 'हार्फबझ'चे नाव फारसी आहे : 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे खुले. कधी दोष मानकाचाही असतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी लोक 'अ'वर चंद्र चढवीत आणि काही यंत्रणा ती जोडणी नाकारून तेथे ठिपक्यांचे वर्तुळ काढीत.

तिसरी तऱ्हा, सगळे नीट दिसते पण पाने सरकतात. मंगल हा प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉण्ट विंडोज २००० पासून सर्वत्र पोचला. पण तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, म्हणून लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी दुसरा फॉण्ट लागला की ओळींची लांबी बदलते आणि पृष्ठ ४२ वरचा उतारा पृष्ठ ४४ वर जातो. टाइम्स न्यू रोमन, एरियल यांच्याशी मापाने तंतोतंत जुळणारे 'लिबरेशन' फॉण्ट २००७ साली आले ते याच अडचणीपायी. पण ते देवनागरीच्या कामाचे नाहीत. तेव्हा संदर्भात वर्ड फाईलचा पृष्ठक्रमांक देणाऱ्यांनी सावध असावे.

चौथी तऱ्हा म्हणजे सरांच्या फायलींची. पहिल्या तिन्हींत संहिता सुरक्षित असते. चौथीत ती जाते.

४. शोध आणि रूपान्तर

आम्ही केले ते असे. लिब्रेऑफिसमध्ये फाईल उघडून मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत मूळ फॉण्टचे नाव दिसते. तो फॉण्ट संगणकावर नसेल तर नाव तिरप्या अक्षरांत असते. ते नाव टिपून घेतले. टर्मिनलमध्ये 'एफसी-मॅच' ही आज्ञा त्या नावासह दिली की त्याच्या जागी कोणता फॉण्ट लावला जात आहे, ते कळते. 'एफसी-लिस्ट'ला मराठीचा 'एमआर' हा संकेत दिला की मराठी दाखवू शकणाऱ्या फॉण्टांची यादी मिळते. त्या यादीत सरांचा फॉण्ट नव्हता. तो तसाही दिसला नसता. तो स्वतःला इंग्रजीच समजतो.

हा फॉण्ट आमच्या विभागाने रीतसर विकत घेतलेल्या एका मराठी सॉफ्टवेअरचा होता. ते सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे बसवायच्या एका लहानशा कुलपावाचून चालत नसे. ते कुलूप कधीचे गहाळ झालेले. फॉण्ट कुठेच मिळेना, तेव्हा आम्ही सोपा मार्ग धरला : इंटरनेटवरील एका रूपान्तरकाला फाईल दिली. तो या घरांच्या जागी युनिकोडची अक्षरे बसवतो. काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या पद्धतीत मजकूर दिसेल त्या क्रमाने साठवला जाई. 'किती' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराची गत उलटी. 'दऱ्या'मधला अर्धा 'र' तर युनिकोडमध्येच दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. तरी रूपान्तर बरे झाले. मजकूर वाचता येऊ लागला आणि आम्ही समाधानाने सरांचे साठेक उतारे एका विद्यार्थिनीच्या हवाली केले. ती एकोणिसाव्या शतकातील लेखनपद्धतीवर लघुप्रबंध लिहीत होती.

५. 'कांही'

तिने मन लावून काम केले आणि पहिल्याच कच्च्या खर्ड्यात एक निरीक्षण मांडले. या उताऱ्यांत 'त्यानें', 'केलें', 'कां' यांवरील अनुस्वार जागेवर आहेत. पण 'नाही', 'आम्ही' अशा ईकारान्त शब्दांवर अनुस्वार एकदाही नाही. 'कांही' या शब्दात तर पहिला अनुस्वार आहे, दुसरा नाही. अनुच्चारित अनुस्वार मराठी लेखनातून अधिकृतपणे गेले ते १९६२ च्या नियमांनी. त्याच्या कितीतरी आधी काही लेखक ईकारान्तांपासून अनुस्वार सोडू लागले होते, असा तिचा तर्क होता. आम्ही तो वाचला आणि मान डोलावली. 'कांही' हे मधल्या काळातले रूप इतरत्रही आढळते; तर्क अशक्य नव्हता. एकाने तर समासात 'उत्तम' असा शेराही दिला.

ती मात्र आमच्यापेक्षा चिकित्सक निघाली. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात जाऊन तिने मूळ बांधीव अंक पाहिले आणि तेथूनच फोन केला : "सर, छापील अंकात दोन्ही अनुस्वार आहेत. 'कांहीं'. 'नाहीं'सुद्धा."

त्यानंतर आमच्या मनात जे आले ते कबूल केले पाहिजे. सरांचीच चूक असणार, असे आम्ही म्हणालो. आयुष्यभर नव्या नियमांनी लिहिलेला माणूस. रात्रीच्या वेळी टंकन करताना सवयीने अनुस्वार गळला असेल. काही क्षण आम्ही त्यांची सारी टिपणे अविश्वसनीय ठरवून बसलो. लघुप्रबंधातून सरांचा संदर्भच काढून टाकावा, अशीही सूचना निघाली. ज्या माणसाने वर्गात एका अनुस्वारासाठी आमचे निबंध परत केले होते, त्याच्याविषयी हे चालले होते.

तिलाच ते पटेना. सवयीने गळलेला अनुस्वार कुठे गळेल, कुठे राहील. तो फक्त दीर्घ वेलांटीवरच आणि प्रत्येक वेळी कसा गळेल? इतकी नियमित चूक माणूस करत नाही, यंत्र करते. हे तिचे म्हणणे आम्हांला निरुत्तर करून गेले.

मग फॉण्टचा शोध पुन्हा सुरू झाला. काकूंच्या माळ्यावर सरांचा जुना संगणक होता. तो सुरू होईना. पण त्यातील हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तेव्हा विंडोजच्या फॉण्ट-फोल्डरात ती फाईल सापडली. ती आम्ही लिनक्समध्ये आपल्या वैयक्तिक फॉण्ट-फोल्डरात ठेवली. हे फोल्डर होम फोल्डरमधील लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, 'शेअर'च्या आत असते. नंतर 'एफसी-कॅश' ही आज्ञा देऊन यादी ताजी केली, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडले आणि सरांची मूळ, रूपान्तर न केलेली फाईल उघडली.

पडद्यावर 'कांहीं' होते. 'नाहीं' होते. सगळे अनुस्वार जागच्या जागी होते.

कारण शोधायला मग वेळ लागला नाही. दीर्घ वेलांटीच्या गोलाईत अनुस्वाराचा ठिपका अडकतो, म्हणून फॉण्ट घडवणाऱ्याने 'अनुस्वारासह दीर्घ वेलांटी' असा स्वतंत्र खिळा वेगळ्या घरात ठेवला होता. कान्यावरील आणि मात्रेवरील अनुस्वाराला असे घर नव्हते. तो सुटाच येई. रूपान्तरकाच्या कोष्टकात या जोड-घरासमोर नुसती दीर्घ वेलांटी लिहिलेली होती. आजच्या लेखनात ते घर क्वचित लागते, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात आली नसावी. ती दिसायला १९६२ पूर्वीचा मजकूरच हवा होता.

६. नवा लेखनिक

पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही लेखकप्रमाद शिकवतो. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले. त्यात शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, कारण प्रत्येक नकलकार काहीतरी सोडतो, काहीतरी 'सुधारतो'. रूपान्तरक हाही एक नकलकार आहे, आणि अधिक धोकादायक. कारण त्याची चूक नियमित असते आणि नियमितता अभ्यासकाला निष्कर्षाचा मोह घालते. आमच्या डोळ्यांदेखत १९व्या शतकातील गद्य १९६२ नंतरचे होऊ घातले होते, आणि आम्ही त्याला 'उत्तम' म्हणत होतो.

यातून आमच्या विभागाने घेतलेला धडा व्यावहारिक आहे. जुन्या फॉण्टातील फाईल रूपान्तर झाल्यावर पुसू नये; तीच मूळ प्रत. तिच्यासोबत तिचा फॉण्ट त्याच फोल्डरात ठेवावा. त्या फॉण्टमध्ये मजकूर नीट दिसत असताना तिची पीडीएफ करून ठेवावी. दीर्घ जतनासाठीच्या पीडीएफ-ए या २००५ मधील मानकात फॉण्ट फाईलच्या आत बांधणे सक्तीचे आहे. 'पीडीएफ-फॉण्ट्स' ही आज्ञा दिली की तो खरेच बांधला गेला की नाही ते दिसते. मात्र अशा पीडीएफमधून मजकूर उचलला तर पुन्हा तीच रोमन खिचडी हाती येते. ती पाहण्यासाठी आहे, शोधण्यासाठी नव्हे. शोधण्यासाठी युनिकोडची प्रत करावी आणि ती त्या पीडीएफशी माणसाने ताडून पाहावी. निदान दीर्घ वेलांटी, रफार, अर्धा 'र' आणि अनुस्वार एवढे तरी.

आणि हे लवकर करावे. फॉण्टची फाईल सापडली म्हणजे काम झाले, असेही नाही. छपाईसाठी वापरले जाणारे जुने 'टाइप १' जातीचे फॉण्ट लिब्रेऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून आणि पँगोने २०१९ मधील १.४४ पासून वाचणे सोडले. सरांचा फॉण्ट ट्रूटाइप होता, हे आमचे नशीब.

प्रत्येक मराठी विभागाच्या कपाटात १९९५ ते २०१० च्या दरम्यानचे प्रबंध सीड्यांवर पडून आहेत, असे आमचा अनुभव सांगतो. त्यांचे फॉण्ट कुठल्या तरी माळ्यावरच्या संगणकात असतील. तो संगणक भंगारात जाण्यापूर्वी एकदा वर चढून पाहावे.

लघुप्रबंधात आता सरांचा संदर्भ आहे. 'उत्तम' हा शेरा आम्ही खोडला आणि तिच्या नव्या प्रकरणावर, थोड्या संकोचाने, पुन्हा लिहिला. काकूंना सीड्या परत करायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "वाचता आलं का सगळं?" आम्ही 'हो' म्हणालो. मधला प्रकार सांगायचा धीर झाला नाही. तो इथे सांगितला.